मंगला, रेशनकार्डावर

चंदनझिऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत, बारावीच्या क्लासला,
शगुफ्तानं विचारलं, सर, मॉडलिन म्हणजे?
मी फळ्यावर लिहिलं: रडवा. फाजील हळवा.
खडू मोडला, उरलेल्या तुकड्यानं खाली लिहिलं:
विशेषतः प्यायल्यावर.
मागच्या बाकावरची पोरं हसली.
निम्म्यांचे बाप रोलिंग मिलमध्ये,
त्यांना अर्थ आधीच माहीत होता,
शब्द फक्त नवा.

तो कुठून आला हे अभ्यासक्रमात नाही.
तरी सांगितलं:
मग्दाला गावची एक मरीया होती.
चित्रकारांनी तिला शेकडो वर्षं रडतंच ठेवलं,
केस सुटे, नाक लाल, डोळे वर लागलेले;
घोटभर पाणी प्यायलाही कुणी थांबू दिलं नाही.
मग इंग्रजांच्या तोंडात तिच्या नावातला ग झिजला
उंबऱ्यासारखा, येता-जाता.
पुढं बाईही गेली.
नुसतं रडणं उरलं,
तेही टिंगलीपुरतं.

पोरांनी उतरवून घेतलं.
पेपरात येणार नाही म्हटल्यावर
दोघांनी खोडलं.

सांगितलं नाही ते हे, की
माझ्या आत्याचं नाव मग्दलीना.
मिशनच्या दवाखान्यात मस्टरवर तसंच.
गल्लीत मगदाबाई, भांडणात मगदी,
आणि रेशनकार्डावर, कारकुनाला जमेना म्हणून,
मंगला फुलमन पाटोळे.
फुलमन म्हणजे फिलेमोन, आमचे मामा.
तिकडे ज्या नावाचं रडगाणं झालं
त्याचंच इकडे मंगल.
झिजण्याचा काही नेम नसतो.

तीस वर्षं ती बाळंतखोलीत होती.
जन्मतःच गेलेलं लेकरू फडक्यात गुंडाळताना
तिचे हात घाई करत नसत.
घरी येऊन भाकरी थापायची,
तव्याकडे बघत.

रडायचे ते मामा.
रात्री दहाला पावशेर लावून यायचे
आणि दारातल्या हापशाला मिठी मारायचे.
शेळीसाठी रडायचे. वारलेल्या बापासाठी.
बंद पडलेल्या जिनिंगच्या भोंग्यासाठी.
मगदे, तुझ्यासारखी बाई व्हायची नाही, म्हणत
बाहीला नाक पुसायचे.
ती म्हणायची, झालं? मग जेवा आता.
एका शब्दाची त्या घरात अशी वाटणी झालेली:
नाव हिच्याकडं,
अर्थ त्यांच्याकडं.

मामा मार्चमध्ये गेले, भर उन्हात.
पाळकांनी प्रार्थना आवरती घेतली, मूठ मूठ माती पडली,
माणसं चहाच्या दिशेनं पांगली.
मीही. मी पुष्कळ रडलो होतो,
चारचौघांत, सगळ्यांना नीट दिसेल असा.
फाटकाशी चप्पल सापडेना म्हणून वळलो.
आत्या तिथंच.
पाठमोरी, पदर डोक्यावर, खांदे सरळ.

पलीकडं मोसंबीची बाग.
मोटार लावायला आलेला माळी
तारेपाशी थबकला, म्हणाला,
बाई, कामून रडायल्यात?

ती रडते आहे
हे मला त्या परक्या माणसाकडून कळलं.

ती म्हणाली, काही नाही, बाबा.
तू पाणी सोड.
पाटातून पाणी आलं, आधी फेस, मग काडीकचरा, मग पाणी,
आणि ती उभीच होती
झाडांची पहिली रांग भिजून होईपर्यंत.
मी चप्पल न घालताच थांबलो होतो.
तिच्यासाठी नाही.
जायचं कसं, ते कळेना म्हणून.

शगुफ्तानं वही मिटली नव्हती.
सर, म्हणाली, फाजील म्हणजे
किती?

तेवढ्यात लाइट गेली.
पंखा थांबायला जेवढा वेळ घेतो
तेवढा वेळ मी गप्प होतो.
मग म्हटलं,
पुढचा शब्द.